गंगेत रोज ५५ पोती डीएपी

नांदेडकर आणि लातूरकर मित्रांनो, पोस्ट मोठी आहे, पण पाणी आपल्या घरातलं आहे म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे नदीचं एक वेळापत्रक ठरून गेलंय. पावसाळ्यात गंगा वाहते, तेव्हा सगळे खूश. दिवाळीनंतर पाणी थांबतं. संक्रांतीच्या सुमारास काठाकाठाने हिरवे ठिपके दिसायला लागतात. होळीपर्यंत त्याचं गोधडीसारखं अंथरूण होतं. मग ओरड होते, बातम्या येतात, कुठंतरी मशीन उतरते, कुठंतरी मजूर कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, काठावर ढीग लागतात, फोटो पडतात. मृगाचा पाऊस येतो, उरलेलं सगळं वाहून खाली जातं आणि आपण विसरतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मी रसायनशास्त्र शिकवणारा माणूस आहे आणि घर शेतकऱ्याचं. त्यामुळे जलपर्णीकडे बघताना मला पहिला प्रश्न शेतकऱ्याचाच पडतो: एवढं तरारून पीक आलंय, तर ह्याला खत कोण घालतंय?

उत्तर सोपं आहे. आपण घालतोय.

जरा हिशेब मांडू. माणूस जे खातो त्यातला फॉस्फरस शरीरात साठून राहत नाही, बहुतेक सगळा बाहेर पडतो. आपल्यासारख्या आहारात माणशी रोज साधारण १ ग्रॅम धरा. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. आज ती नक्कीच जास्त आहे, पण तीच धरू. म्हणजे रोज ५५० किलो फॉस्फरस. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस असतो साधारण १० किलो. म्हणजे झाली ५५ पोती. रोजची. कपड्याच्या-भांड्याच्या पावडरीतला फॉस्फेट ह्यात धरलेलाच नाही. नायट्रोजन तर वेगळाच, युरियाची पोती मोजायला बसलो तर आकडा ह्याच्या तिप्पट होतो.

पोत्याला १३५० रुपये धरले तर हे रोजचं चौऱ्याहत्तर हजारांचं खत झालं. वर्षाचे पावणेतीन कोटी. खरिपाच्या तोंडावर ह्याच डीएपीसाठी आपला शेतकरी कृषी केंद्रासमोर रांगेत उभा असतो, लिंकिंगची नको ती औषधं गळ्यात मारून घेतो.

आता कुणी म्हणेल, सगळंच काही नदीत जात नाही. बरोबर. काही सेप्टिक टँकच्या तळाला बसतं, काही जमिनीत मुरतं, काही प्रक्रिया केंद्रात अडकतं. मग अर्धंच धरा. २७५ किलो.

आता दुसरी बाजू बघा. ताजी, ओली जलपर्णी म्हणजे ९५ टक्के पाणी. एक टन काढली तर सुका माल फक्त ५० किलो आणि त्यात फॉस्फरस ढोबळ मानाने पाव किलो. म्हणजे नुसता अर्धा फॉस्फरस नदीतून बाहेर काढायचा म्हटला तरी रोज ११०० टन जलपर्णी उपसावी लागेल. दहा टनी ट्रकच्या ११० खेपा. दररोज, रविवार-सणवार न धरता.

म्हणून मी म्हणतो, नाला चालू ठेवून जलपर्णी काढणं म्हणजे मोटार चालू ठेवून वावरातलं पाणी तांब्याने उपसणं. काढणाऱ्या मजुरांचा दोष नाही, मशीनचाही नाही. हिशेबच जुळत नाही.

आता ह्या वनस्पतीबद्दल थोडं, कारण शत्रू ओळखला पाहिजे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलाच्या शोभेपायी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती बंगालमध्ये आली. पुढे तिने तिथल्या नद्या, बिलं, भातखाचरं अशी अडवली की १९३६ मध्ये बंगाल सरकारला खास जलपर्णीसाठी कायदा करावा लागला आणि १९३७ च्या निवडणुकीत पक्षांच्या जाहीरनाम्यांत जलपर्णी हटवायचं आश्वासन होतं. म्हणजे जलपर्णीवर मतं मागायची परंपरा जवळपास नव्वद वर्षं जुनी आहे.

ऊन, ऊब आणि खत मिळालं की ही साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. दिवाळीला कुठल्या कोपऱ्यात एक गुंठा राहिली असं समजा. दहा वेळा दुप्पट झाली की १०२४ गुंठे, म्हणजे साडेपंचवीस एकर. लागले किती दिवस? १४०. थंडीत वेग कमी होतो, मान्य. पण आपल्याकडे थंडी असते किती दिवस? शिवाय तिचं बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे "यंदा नदी जलपर्णीमुक्त केली" हे वाक्य कुणीही उच्चारलं तरी हसून सोडून द्यायचं.

आता आपल्या नदीचं पाणी कसं आहे ते बघू, कारण खरी मेख तिथं आहे.

आपली जमीन काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची. ह्या दगडातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. म्हणून बोअरच्या पाण्याने बादलीला, गिझरच्या कॉइलला पांढरा थर बसतो. सामू आठच्या आसपास, म्हणजे किंचित अल्कधर्मी. अशा पाण्यात विरघळलेला मोकळा कार्बन डायऑक्साइड कमी असतो. आपल्या नद्यांच्या तळाशी वाढणाऱ्या हायड्रिलासारख्या वनस्पतींनी ह्यावर तोड काढलेली आहे. त्या थेट बायकार्बोनेटमधून कार्बन घेतात. ओढ्यातलं असं शेवाळ हातात घेऊन बघा, कधीकधी पानांवर चुन्याची खरखर लागते, ती ह्याचीच खूण. ह्या वनस्पती पाण्याच्या आत राहतात, दिवसा पाण्यातच प्राणवायू सोडतात, माशांच्या पिलांना आडोसा देतात. त्या नदीच्या घरच्या आहेत.

जलपर्णीचं तसं नाही. तिची पानं हवेत. कार्बन ती हवेतून घेते, प्राणवायू हवेत सोडते, ऊन सगळं वरच्या वर खाते. पाण्याची तिला कमतरता नाही, मराठवाड्यात उन्हाची नाही. मग तिला अडवणारं राहिलं काय? फक्त नायट्रोजन आणि फॉस्फरस. तिची दोरी ह्या दोनच ठिकाणी आपल्या हातात आहे आणि ती आपण सोडून दिलीय. लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम फॉस्फरससुद्धा थांबलेलं पाणी हिरवं करायला पुरतो. शहराच्या सांडपाण्यात तो ५ ते १० मिलिग्रॅम असतो.

वर अंथरूण पडलं की खाली काय होतं? उजेड बंद, त्यामुळे तळाच्या घरच्या वनस्पती मरतात. वरची पानं सडून खाली पडतात, ती कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो. प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधलेला जुना फॉस्फरस सुटतो आणि पुन्हा पाण्यात येतो. म्हणजे व्याजाची रक्कम पुन्हा मुद्दलात. ज्यांचं पोट नदीवर आहे त्या भोई समाजाच्या माणसांना विचारा. अशा पाण्यात रोहू-कटला टिकत नाही, वर येऊन हवा घेणारे मरळ-मांगूर टिकतात. आणि जाळं टाकायचं म्हटलं तर टाकायला उघडं पाणी तरी कुठंय?

आता मोजमापाची गोष्ट. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे नमुने घेतं, आकडे प्रसिद्ध करतं, ही चांगली गोष्ट आहे. त्यावरून जो जल गुणवत्ता निर्देशांक काढतात तो चार गोष्टींवर उभा आहे: सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी आणि विष्ठेतून येणारे जिवाणू. ह्या चारही महत्त्वाच्या आहेत. पण जलपर्णीचं खाद्य, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरस, त्या गुणांत नाहीच. जो विषय पेपरात नाही, त्यात कुणी नापास होत नाही.

प्राणवायूचंही एक गुपित आहे. हिरव्या पाण्यात दिवसभर ऊन असतं तेव्हा शेवाळ प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारी दोनला आकडा छान येतो. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि पहाटे पाचला आकडा तळाला जातो. मासे पहाटेच का मरतात ते ह्यातून कळेल. दुपारी पुलावरून मधल्या धारेत बाटली भरली तर नदी पास, पहाटे जलपर्णीखाली भरली तर नापास. नदी तीच.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचंही असंच. केंद्र सरकारने २०१७ मध्ये जी मानकं अधिसूचित केली त्यात सामू, बीओडी, तरंगते घन पदार्थ आणि विष्ठाजन्य जिवाणू एवढंच होतं. फॉस्फरस नव्हता. साध्या प्रक्रिया केंद्रातून पाणी नितळ होऊन निघतं, वास जातो, पण फॉस्फरसचा मोठा भाग तसाच पुढे जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये जास्त कडक मानकं धरायला सांगितली. त्यात नायट्रोजनला लिटरमागे १० मिलिग्रॅमची आणि तळी-सरोवरांत सोडायच्या पाण्यासाठी फॉस्फरसला १ मिलिग्रॅमची मर्यादा होती.

आता मला सांगा, आपली गोदावरी आठ महिने नदी असते का सरोवर? वरून मोजा: ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, डिग्रस, अंतेश्वर, मग विष्णुपुरी, खाली आमदुरा, बळेगाव, बाभळी. बाभळीचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. नंतर बंद. सगळीकडे पाणी अडवलेलंच. मी बंधाऱ्यांच्या विरोधात नाही. ज्याने उन्हाळ्यात टँकर बघितलाय तो मराठवाड्यात बंधाऱ्याच्या विरोधात बोलूच शकत नाही. मंजरावर नागझरी, साई असे बंधारे नसते तर लातूर भागातल्या शेतीचं काय झालं असतं? पण वाहतं पाणी अडवून आपण तळ्यांची माळ केली असेल, तर नियमही तळ्याचे लावले पाहिजेत. एवढंच मागणं आहे.

भूगोल पण जरा नीट बघा. विष्णुपुरी जलाशय नांदेडच्या वर आहे. त्यातलं पाणी आपण पितो. तिथं येणारं खत गंगाखेड, पालम, पूर्णा भागातल्या गावांचं आणि उसाच्या पट्ट्यातलं. आपल्या शहराचे नाले धरणाच्या खाली नदीला मिळतात. ते पाणी मुदखेड, उमरी, धर्माबादकडे जातं आणि पुढे तेलंगणात बासरला. लेकरांचं अक्षरारंभ करायला आपण बासरला जातो, तिथं गोदेत हात-पाय धुतो, तेव्हा हातावर पडतं ते कुणाचं पाणी असतं? वरच्यांचं आपण पितो, खालच्यांना आपलं पाजतो. साखळीतला प्रत्येक जण वरच्याला शिव्या देतो आणि खालच्याला विसरतो.

लातूरकरांनो, तुम्ही लांब आहात असं समजू नका. तुमची मंजरा निलंग्याकडून कर्नाटक-तेलंगणात फिरून पुन्हा आमच्या देगलूर-बिलोलीच्या शिवेवर येते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. आणि पाण्याची किंमत तुम्हाला कुणी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ज्या शहराने रेल्वेतून आलेलं पाणी प्यालंय, त्या शहराने धनेगावच्या धरणातला शेवटचा थेंब कसा आहे हे विचारायलाच पाहिजे. धरण तळाला जातं तेव्हा पाणी कमी होतं, पण त्यातलं खत आणि कुजका मैला कमी होत नाही, उलट दाट होतो. अशा पाण्याला तुरटी जास्त लागते, क्लोरीन जास्त लागतं आणि क्लोरीन कुजक्या सेंद्रिय पदार्थांशी मिळून नको ते उपपदार्थ तयार करतं. नळाला येणाऱ्या वासाची सुरुवात नळापाशी नसते.

दोन उपाय नेहमी सुचवले जातात, त्यावर बोलतो. पहिला, औषध फवारा. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात तणनाशक फवारायचा विचारही नको. शिवाय फवारून मेलेली जलपर्णी तळाला बसते, कुजते, प्राणवायू खाते आणि घेतलेलं सगळं खत पाण्याला परत देते. पुढची पिढी त्याच खतावर येते. दुसरा, भुंगेरे सोडा. हा उपाय खोटा नाही. जलपर्णी खाणारे भुंगेरे १९८० च्या दशकात आपल्या देशात आणले, बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने ते सोडले. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात त्यांचा उपयोग झाला. पण भुंगेऱ्यांना बस्तान बसवायला काही वर्षं लागतात आणि आपल्याकडे दर पावसाळ्यात पूर जलपर्णीसकट त्यांनाही वाहून नेतो. शिवाय खताचा पुरवठा चालू असेल तर जलपर्णी त्यांच्या खाण्यापेक्षा जोरात वाढते. जोडीला घ्या, भरवसा ठेवू नका.

मग करायचं काय? माझ्या मते ह्या पाच गोष्टी:

१. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी महिन्यातून एकदा नायट्रोजन आणि फॉस्फरस मोजा आणि आकडे वॉर्डाच्या फलकावर लावा. शहरात विद्यापीठ आहे, विज्ञान महाविद्यालयं आहेत. फॉस्फेटची तपासणी बीएस्सीची पोरं प्रात्यक्षिकात करतातच. तीच नाल्यावर करू द्या. आकडे अधिकृत धरू नका, पण रोग कुठल्या नाल्यात आहे ते तर कळेल.

२. नदीचा नमुना पहाटेही घ्या. एकच मागणी, खर्च शून्य.

३. प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडण्याआधी शेताला द्या. हाच माझा मुख्य मुद्दा आहे. जे खत नदीत विष आहे तेच उसात, केळीत, हळदीत, गजराज गवतात पैसा आहे. नाल्याचं कच्चं पाणी भाजीपाल्याला देणं आज चोरून चालतंच, त्यातून आजार पसरतात. त्याऐवजी नीट प्रक्रिया करून, तपासून, चारा आणि ऊस-कापसाला दिलं तर नदीचं ओझंही उतरेल आणि शेतकऱ्याचं पोतंही वाचेल.

४. जलपर्णी काढायचं टेंडर होळीला नको, दिवाळीला काढा. तेव्हा ती गुंठ्यांत असते, एकरांत नसते. आणि बिल काठावर ढीग लावल्याचं नको, पूररेषेच्या वर नेऊन वाळवल्याचं द्या. काठावर कुजलेला ढीग पहिल्या पावसात रसासकट नदीतच परत जातो. वाळलेल्या मालाचं कंपोस्ट करा, मात्र कारखान्याचं पाणी मिळतं तिथली जलपर्णी जड धातूंसाठी आधी तपासा.

५. नदीकाठच्या लव्हाळ्याला, पाणकणसाला, तळाच्या वनस्पतींना सौंदर्यीकरणाच्या नावाखाली खरवडू नका. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी नांदेडला घाट झाले, शहराचा चेहरा बदलला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण सगळाच काठ दगडाचा करायचा नसतो. नाल्याच्या तोंडाशी असलेलं पाणकणसाचं बेट फुकटात थोडंफार गाळण्याचं काम करतं.

ह्यात रॉकेट उडवायचं काही नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ वर आला, आपला ५५ वर गेला. पुण्याची मुळा-मुठा, पिंपरीची पवना, कोल्हापूरची पंचगंगा, सगळीकडे हेच हिरवं अंथरूण दिसतं. म्हणजे हे एका शहराचं, एका पक्षाचं, एका अधिकाऱ्याचं पाप नाही. आपण सगळ्यांनी मिळून नदीला गटाराचं शेवटचं टोक समजलंय.

नांदेडला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पहाटे ओंजळीत तेच पाणी घेऊन सूर्याला अर्घ्य देतात, नगीना घाटावर तेच पाणी डोक्याला लावतात. श्रद्धेला मी हात लावत नाही. फक्त एवढंच म्हणतो की ज्या ओंजळीत पाणी घेतो त्या ओंजळीत काय आहे ते विचारायचा हक्क भक्तालाही आहे.

पुढच्या वेळी कुणी जलपर्णी काढतानाचा फोटो टाकला तर लाइक जरूर करा, मजुरांनी घाम गाळलेला असतो. पण खाली कमेंटमध्ये एक प्रश्न लिहा: "नाल्यातला फॉस्फरस किती?" दहा जणांनी विचारलं तर दुर्लक्ष होईल. हजार जणांनी विचारलं तर कुणालातरी मोजावा लागेल. आणि मोजला की थांबवावा लागेल.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर हिशेबात कुठं चुकलं ते सांगा, कॅल्क्युलेटर घेऊन बसू.